साडूभाऊंची उजवी बाजू

माझे मोठे साडू हे माणसाच्या पोटाच्या उजव्या बाजूचे, त्यातही खालच्या कोपऱ्याचे, अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यातले एकमेव स्वयंघोषित तज्ज्ञ आहेत. तरुणपणी त्यांचं अपेंडिक्स काढलं, एवढीच काय ती पदवी. पण तेवढ्या व्रणाच्या जोरावर त्यांनी वडनेर भोलजीत अशी प्रॅक्टिस थाटली की विचारू नका. कुणी पोट धरून दिसला की साडूभाऊ बोटाने दाबणार, खोकायला लावणार आणि शेवटी एका पायावर उडी मारायला सांगणार. एकदा मांडवात खुद्द नवरदेवाला त्यांनी बाशिंगासकट उडी मारायला लावली. डाव्या बाजूचं कुणी विचारलं, तर मात्र हात जोडतात. "तिकडचं आपल्याले नाई समजत बाप्पा. खोटं काऊन सांगू?"

साधं निदान त्यांना रुचत नाही. "अपेंडिक्स काय, कोणालेबी होते," म्हणून ते दुर्मीळ कारणांकडे वळतात. शेजारच्या रफिकभाईंना त्या जागी नुसती आग होत होती. साडूभाऊ म्हणाले, "नागीण निघून राह्यली." दुसऱ्या दिवशी खरंच कमरेला पुरळ उठलं. कापसाची गाठोडी उचलणाऱ्या एकाला त्यांनी अंतर्गळ, म्हणजे हर्निया, सांगितला, एकाला मूतखडा. औषध मात्र कधी दिलं नाही. प्रत्येकाला मोटारसायकलवर मागे बसवून मलकापूरच्या डॉक्टरकडे पोचवतात, आणि डॉक्टरलाही स्वतःचं मत ऐकवूनच परततात.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे जेवण. बाहेरच्या अन्नाला स्पर्श नाही, स्टेशनवरचा चहासुद्धा नाही. शेतात रोडग्यांचा बेत असला की पत्रावळ पळसाचीच हवी, तीही ताईंच्या हातची. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी मोठी मेहुणी. पळसाची पानं त्या बांबूच्या बारीक काड्यांनी अशी टाचतात की वरणाचा थेंब गळत नाही, आणि याचा त्यांना भारी अभिमान. साडूभाऊ त्या पत्रावळीवर गोवऱ्यांत भाजलेला कणकेचा रोडगा कुस्करणार, वर तूप, वरण, वांग्याची भाजी ओतणार आणि मान खाली घालून असे हाणणार, की शेवटी हिरवं पान चकचकीत होऊन उरायचं.

मागच्या हिवाळ्यात असाच बेत झाला आणि काही दिवसांनी तज्ज्ञांच्या स्वतःच्याच उजव्या कोपऱ्यात दुखायला लागलं. पहिली भावना वेदनेची नव्हती, अपमानाची होती. "जे हायेच नाई, ते दुखते कसं?" असं म्हणत ते अंगणात एका पायावर उड्या मारत होते. आरशात पाहून नागीण शोधून झाली, खड्यासाठी हंडाभर पाणी पिऊन झालं. मग ताप चढला, उडी मारायचं त्राण राहिलं नाही, आणि ताईंनी मला रडत फोन केला. मी शाळेतून तसाच गाडी घेऊन गेलो. ज्यांनी गावाला मलकापूरला नेलं त्यांना मी मलकापूरला नेलं, आणि वाटेत त्यांनी एकही निदान सांगितलं नाही. मला तर धडकीच भरली.

स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, "आतड्याला काडीसारखं काहीतरी टोचलंय. आणखी उशीर केला असता तर पोटभर पू झाला असता. दात कोरायची काडी गिळली होती का?"

ताई खाटेशीच उभ्या होत्या. साडूभाऊंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "हाव साहेब," ते कण्हत म्हणाले, "हायवेवरच्या ढाब्यावर जेवलो होतो. दात कोरता कोरता गेली."

ढाबा? हा माणूस? ताईंनी मात्र डोळे पुसता पुसता तोंडाचा पट्टा सोडला. "काऊन गेलते ढाब्यावर? घरचं गोड लागत नाई का तुमाले?"

दुर्बिणीनं ऑपरेशन झालं, काडी निघाली, आतडं शिवलं. डॉक्टरांनी ती बाटलीत घालून दिली. चिरलेल्या बांबूची, दोन्ही टोकं तिरपी छाटलेली. ती कुणाच्या हातची, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. साडूभाऊंनी बाटली माझ्या हातात कोंबली. "फेकून द्या, मास्तर. तुमच्या ताईले कळलं, तं पुन्हा पळसाले हात नाई लावणार. जन्मभर झुरन."

जिल्ह्यात कुणाला झालं नसेल असं दुखणं या माणसाच्या वाट्याला आलं, आणि त्यालाच ते खरं सांगता येईना! गावात पोरंसोरं अजून त्यांना "काका, ढाब्यावर येता का?" म्हणून चिडवतात. ते हसतात.

यंदाही रोडगे झाले. पंगत बसण्याआधी साडूभाऊ ओलं फडकं घेऊन प्रत्येक पत्रावळ पुसत होते, एकेका काडीवरून बोट फिरवत. सैल लागली की गुपचूप बदलत होते. ताई कौतुकानं मला म्हणाल्या, "पाहा भाऊजी, दुखण्यानं माणूस सुधारला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माह्या कामात हात लावून राह्यले."

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पुढची पत्रावळ पुसत राहिले.