तिथे माड आहेत

माझ्या आईने परदेशातलं गाव पसंत केलं ते हाताच्या पंजाएवढ्या चित्रावरून. आमच्याकडे म्हैस घ्यायची तरी लोक दोन वेळा धार काढून बघतात, चार जणांना विचारतात. आणि जिथे उरलेलं आयुष्य काढायचं, जिथे मातीआड व्हायचं, ते गाव तिने ओटीच्या पायरीवर उभ्या उभ्या ठरवून टाकलं. मला त्याचा अजून राग येतो.

आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी. रेवदंड्याजवळच्या आमच्या गावात आम्हाला शनिवार तेली म्हणत, कारण बाबांचा तेलाचा घाणा शनिवारी बंद असायचा. बाकी वेगळं असं फार काही नव्हतं. आई नऊवारी नेसायची, नवऱ्याचं नाव घ्यायची नाही आणि भांडायची ती मराठीतूनच. कोळंबी, खेकडे आमच्यात चालत नाहीत, आणि मटणाबरोबर दूधदुभतं चालत नाही, म्हणून आमचं सगळं रांधणं नारळाच्या दुधावर. घरामागच्या वाडीत माड होते. घाणा बाबांचा आणि माड आईचे, अशी घरात वाटणीच होती. गिरणीचं तेल आलं, घाणा बसला, त्यानंतर घर माडांवरच चाललं. हे आई बाबांना महिन्यातून एकदा तरी ऐकवायची.

देश स्वतंत्र झाला आणि पुढच्या वर्षी तिकडे इस्रायल झालं. मग आमच्यातली माणसं एकेक करून जाऊ लागली. इथे कोणी आम्हाला वाकडा शब्द बोललं नव्हतं. शेजारणी विचारायच्या, "काय कमी पडलं गो तुमाला हितं?" पोथीत लिहिलंय, असं काहीतरी पुटपुटून आम्ही विषय बदलायचो.

माझा धाकटा भाऊ मुंबईला नोकरीत होता. तोही गेला, एकटाच. काही वर्षांनी तिथल्या कारखान्यात त्याचा उजवा हात यंत्रात सापडला. हात वाचला, बोटं गेली. ही बातमी आली त्या दिवसापासून आईचं अन्नावरचं मन उडालं. पोराला भात कालवता येत असेल का, एवढंच ती सारखी विचारायची. जिला कोणीच उत्तर देऊ शकत नाही अशी बाई घरात असली की घर कसं होतं, ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल.

मी तेव्हा तळ्याला होते, आत डोंगरातल्या गावात. माझा नवरा तिथे शाळेत मास्तर. आपण कुठेही जाणार नाही, हे त्याने आधीच जाहीर करून टाकलं होतं. "मी तिकडे मराठीची कविता कोणाला शिकवू, उंटांना?" असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. तेव्हा माझं ठरलेलंच होतं. प्रश्न होता तो आई-बाबांचा. आई जायला एका पायावर तयार होती, आणि बाबा जागचे हलायला तयार नव्हते. आई गेली तर मला माहेर उरणार नव्हतं, म्हणून मी मनातून बाबांच्या बाजूची होते.

अशात माझा मावसभाऊ लग्न करायला तिकडून आला. त्याने येताना तीन रंगीत चित्रं आणली, टपालाने पाठवतात तसली. म्हणाला, "आईबाप येत असतील तर भावाला मोठं घर मिळेल. या तिन्हींतलं एक गाव सांगा, तो अर्ज करील."

पहिल्या चित्रात डोंगर होता. "डोंगर बघाया हितून कशाला जाऊ? ही काय तळ्याला हाय ना आपली पोर, डोंगरात," बाबा म्हणाले. दुसऱ्यात नुसती वाळू आणि एका रांगेत चौकोनी घरं. बाबांनी ते चित्र उलटं करून मागची बाजू पाहिली, तिकडे तरी काही बरं आहे का म्हणून. तिसऱ्यात समुद्र होता. निळा समुद्र, पांढरी इमारत, आणि अगदी कडेला, इमारतीच्या मागून डोकावणारे झाडांचे दोन शेंडे.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांना समुद्राचा निळा रंग तेवढा दिसला. "दर्या हाय, पण कसला? ज्या दर्याला माड न्हाय तो दर्या कसला? मी न्हाय येत," असं म्हणून ते उठायला लागले.

आईने चित्र उचललं. पायरीवर उजेडात गेली. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. तिची पाठ आमच्याकडे होती.

"माड हायत," ती म्हणाली.

"खरा काय?"

"व्हय तर. झावळ्या दिसतात ना. दोन माड हायत."

मीही चित्र पाहिलं. नखाएवढे शेंडे, हिरवे. समुद्र आहे म्हणजे माड असणारच, आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला याहून वेगळं सुचतच नाही. मावसभाऊ वाळूतल्या गावात राहणारा, त्याने ते शहर पाहिलेलं नव्हतं. "असतील," म्हणाला. बाबा पुन्हा खाली बसले.

त्या संध्याकाळी मी आईशी कडाडून भांडले. म्हटलं, "मुलगा तेवढा तुझा, आणि मी कोण?" ती भांडी विसळत होती. ती वर न बघता म्हणाली, "बाय, तुला भात वाढाया माणूस हाय. त्याला कोण हाय?" मी म्हटलं, मी काय भातासाठी तुझी मुलगी आहे? त्यावर तिने पुढचं भांडं घेतलं. भांडी विसळणाऱ्या आईशी भांडण होत नाही. मी भिंतीकडे तोंड करून रडले आणि तिने मला रडू दिलं.

पावसाळा संपल्यावर निघायचं ठरलं. वाडी शेजाऱ्याने घेतली. आवराआवरीला मी तळ्याहून आले, तर आई अंगणात खोबरं वाळत घालून बसलेली. नारळ फोडून, वाट्या सुकवून, दाभणाने भोकं पाडून ती सुंभात ओवत होती. खोबऱ्याच्या माळाच्या माळा, पत्र्याचा मोठा डबा भरेल एवढ्या.

"तिथे माड आहेत ना? मग एवढं कशाला?"

"पयल्या दिवसाची सोय. गेल्या गेल्या कोणाच्या माडावर चढू?"

मीही दाभण घेऊन बसले. मला भोक धड जमेना. मधोमध पाडायचं तर माझं कडेला सरकायचं, वाटीला चीर जायची. "मास्तरणीच्या हाताला वळण न्हाय," आई म्हणाली, आणि माझ्या हातची वाकडी वाटीही तिने माळेत ओवली. टाकली नाही. किती दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

निघायच्या आधी मलिदा केला. पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं, आणि आमच्या पोथीतल्या नबीचं नाव घेऊन सगळ्यांनी हात जोडले. अर्धं गाव आलं होतं. कोळीणबाईने आईच्या गळ्यात पडून एवढा गळा काढला की बाबा म्हणाले, "अगो, आमी मेलो न्हाय अजून." मग तीच बाई रडता रडता हसायला लागली.

रेवसपर्यंत मी सोबत गेले. तिथून लाँचने मुंबईला भाऊचा धक्का, पुढे विमान. आईने नारळ खवायची विळी गोणपाटात गुंडाळून पोटाशी धरली होती. माझ्याकडे बघायचं तिने टाळलं, सबंध वाटभर. लाँच धक्क्यापासून सुटली तेव्हा मात्र ती उभी राहिली आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडली, "रडू नको गो! तिथं माड हायत!"

काय हा निरोप, सांगा. दुसरी एखादी आई म्हणाली असती, सुखी राहा, मुलांना जप. मी धक्क्यावर बसून राहिले. माणसं सामान घेऊन माझ्या बाजूने जात होती आणि मला कोणाचीही लाज वाटत नव्हती.

नंतर भावाची पत्रं यायची, डाव्या हाताने लिहिलेली. आईला लिहिता येत नव्हतं, तरी शेवटची ओळ तिची असायची: माड बरे आहेत. मी विचारायचे, फळ धरलं का? पुढच्या पत्रात यायचं, धरलं. मला त्याचा केवढा आधार होता! तळ्याला स्वयंपाकघरात नारळ फोडला की वाटायचं, तीही आत्ता फोडत असेल. शेजारणींना मी ऐटीत सांगायचे, परदेश म्हणजे काय, आमच्या आईकडे सगळं इथल्यासारखंच आहे.

आई गेल्याची तार आली तेव्हा तिला माती देऊन झाली होती.

त्यानंतर मावसभाऊ पुन्हा एकदा आला. आता तो त्याच समुद्रकाठच्या शहरात राहायला गेला होता. तळ्याला आमच्या घरी येऊन त्याने पिशवीतून आईची विळी काढली, आणि एक कागदाची पुडी. मी विळी मांडीवर घेतली आणि सहज विचारलं, "तिच्या माडांचं आता कोण बघतं?"

तो गोंधळला. "कुठचे माड, ताई? तिथे माड होत नाहीत. थंडी असते. खजुराची झाडं आहेत ती."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. मग त्यानेच सांगितलं. तिथे गेल्यावर बाबांचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर ते काठी टेकत पहिल्यांदा त्या पांढऱ्या इमारतीपाशी गेले, मान वर करून बराच वेळ बघत राहिले, आणि घरी येऊन म्हणाले, "काय गो, हे माड?" आई म्हणाली, "मंग तुमी आला असता काय?" बाबांनी दोन दिवस तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी जेवायला बसले.

म्हणजे तिला माहीत होतं. कसं नसणार? शिंदी आपल्या रानात काय कमी आहे, आणि खजूर तिचीच बहीण. जिला पडलेल्या झावळीच्या आवाजावरून कुठला माड ते कळायचं, ती खजुराला माड समजेल? पायरीवर पाठ करून उभी होती ती चित्र बघत नव्हती. मनाचा हिय्या करत होती. आणि डबाभर खोबरं तिने पहिल्या दिवसासाठी नेलं नव्हतं, जन्मासाठी नेलं होतं. बाबांशी खोटं बोलली ते त्यांना न्यायला. माझ्याशी बोलत राहिली, पत्रामागून पत्र, ते मी इथे सुखाने नारळ फोडावा म्हणून. त्या परक्या गावात माड नसलेल्या समुद्राकडे बघत ती बाई माझ्या माडांना फळं धरवत होती.

"आणि हे," मावसभावाने पुडी पुढे केली. "शेवटच्या आजारात माझ्याकडे दिलं. म्हणाली, लेकीला दे. सांग, तिथल्या माडाचं हाय. मला वाटलं, तापात बोलतेय."

पुडीत खोबऱ्याची एक वाटी होती. पिवळी पडलेली, आखडलेली. भोक मधोमध नव्हतं. कडेला सरकलेलं होतं, आणि तिथून चीर गेली होती.

मावसभाऊ गेल्यावर नवऱ्याने वास घेऊन पाहिला. "खवट झालंय, टाक," म्हणाला. मी त्याच्या हातातून वाटी ओढून घेतली. आईच्या विळीवर बसले, ती सगळी खवली आणि मलिदा केला. मुलांनी पहिला घास घेतला आणि तोंडं वाकडी केली.

"कडू लागतंय," धाकटी म्हणाली.

"खा," मी म्हटलं. "आजीकडच्या माडाचं आहे."