पाल्याचा धूर

माझे यजमान जाऊन आठ महिने झाले होते. इंदिरानगरातल्या आमच्या बैठ्या घरात मी एकटीच राहत होते. लेक बंगळुरूला, तिचा फोन रविवारी. बाकीचे दिवस दूधवाल्याशी काय बोलेन तेवढंच.

दारात बदामाचं झाड आहे. थंडी पडली की त्याची पानं लाल होऊन ढिगानं गळतात. सकाळी ती खराट्यानं गोळा करायची, फाटकाबाहेर ढीग लावायचा आणि काडी ओढायची, हे मी वीस-बावीस वर्षं करत आले होते. त्या हिवाळ्यात तर मी ते काम मुद्दाम लांबवायचे. हात शेकत उभं राहिलं की येणारे-जाणारे दोन शब्द बोलायचे.

एक दिवस समोर नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबातली सून शाल गुंडाळून आली.

"काकू, राग मानू नका, पण पाला जाळणं बंद कराल का? सासऱ्यांना दमा आहे. थंडीत धूर वर जातच नाही, सगळा आमच्या खोलीत शिरतो."

"एवढ्याशा पाल्याचा कसला त्रास? आमच्या ह्यांनाही दमा होता. ते कधी एका शब्दानं..."

मी खराटा फाटकाला टेकवून ठेवला. ती थोडं थांबली आणि निघून गेली.

मी आत येऊन चहा टाकला, तो उतू गेला. रोज याच वेळी यजमान वर्तमानपत्र बाजूला ठेवून उठायचे, पुढच्या खोलीची खिडकी लावायचे आणि स्वयंपाकघरात येऊन बसायचे. मला वाटायचं, चहासाठी आलेत. ते दम्याचा पंप ओढायचे आणि विचारायचे, "झालं अंगण?" बस, एवढंच. इतक्या वर्षांत ते बोलले कसे नाहीत? की बोलले होते आणि मीच ऐकलं नाही? आता विचारणार कुणाला? लेकीलाही हे मी अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या भिंतीशी विटा रचून एक हौद केला. पाला त्यात टाकला, वर शेण कालवलेलं पाणी शिंपडलं. मग गल्लीत घरोघर गेले. म्हटलं, जाळू नका, मी घेऊन जाते, खत करीन.

"काकू, सगळ्यात जास्त तर तुम्हीच जाळायचात!" एकजण हसून म्हणाला.

"हो, मीच," मी म्हटलं. हसणं काही जमलं नाही.

हळूहळू लोक पोती आणून ठेवू लागले. बेल वाजवायचे आणि मी दार उघडेपर्यंत निघूनही गेलेले असायचे. कोपऱ्यावरचे एक निवृत्त गृहस्थ मात्र ऐकेनात. धुरानं डास जातात, असं त्यांचं म्हणणं. मी तीनदा गेले, तीनदा रिकाम्या हातानं परत आले. मग एका सकाळी त्यांच्या फाटकाशी भरलेलं पोतं दिसलं, वर वीट ठेवलेली. ते आत खुर्चीत बसले होते. मी हात केला, पण त्यांनी पाहिलं नसावं.

जानेवारीत समोरचे सासरे उन्हात खुर्ची टाकून बसू लागले. त्यांना फार बोलवत नाही, लगेच धाप लागते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी खत तयार झालं. मखमलाबादकडची एक बाई आपल्या मळ्यातली फुलं बाजारात विकायला बसते. तिच्यासाठी पिशवीभर खत घेऊन गेले. तिनं मूठभर हातात घेऊन वास घेतला.

"लय भारी झालंय, ताई. घरी कोण कोण हाय?"

"मीच."

"एकट्याच?"

मी मान हलवली. तिनं फुलांची टोपली सरकवून पोत्यावर जागा केली. "मग घाई काय? बसा की जरा."

अकरा वाजेपर्यंत मी तिच्याशेजारी निशिगंधाच्या जुड्या बांधत बसले.