उसाच्या गाडीचा कर्ता
उन्हात तापलेल्या रबरी चपलांचा वास आला की गंगाखेडचा आमचा कॉम्प्युटर क्लास आठवतो. आत धूळ नको म्हणून सगळ्यांच्या चपला दाराबाहेर असायच्या. माझे आईबाप ऊसतोडीचे, माझ्या पायांना भेगा, सर म्हणायचे, "तू भाईरच बस रे, चपला राख." मी खिडकीतून बघत शिकलो. एका वर्षी सरांनी एक खेळ लिहिला होता: उसाची बैलगाडी न उलटवता कारखान्यावर न्यायची. पुढे परभणीच्या एका कॉलेजात मी जुने खेळ जपायच्या कामाला लागलो. फ्लॉपीतला खेळ आजच्या ब्राउझरमध्ये जुन्या मशीनसारखाच चालवायचा आणि खाली कर्त्याचं नाव द्यायचं, म्हणजे कुणी उल्लेख केला तर श्रेय त्याला मिळतं. सरांचा तो खेळही तिथं आला. एका दुपारी थकलेले सर तो बघायला आले. सवयीनं दारात चपला काढल्या, गाडी हाकली, पोरासारखे हसले. मग खाली वाचून थबकले. "कर्ता अज्ञात? अरे, माझा खेळ हाय की ह्यो!" "पुरावा लागतो, सर. फ्लॉपीवर नाव न्हाई." "तू होतास ना क्लासला? तूच सांग की." "मी कुठं आत होतो, सर? मी चपला राखायलो होतो." ते दाराकडे वळले. बाहेर कितीतरी वेळ चपलेत पाय घालत राहिले. मी उठलो नाही. खिडकीतून मी त्यांना तो खेळ लिहिताना रोज पाहिलं होतं. आता सर नाहीत. नाव भरणं माझ्याच हातात आहे, पण 'कर्ता अज्ञात' वाचलं की मला अजूनही बरं वाटतं, म्हणून ते तसंच आहे.