खालचा स्क्रू

रघुवीर साळोखे मूळचे इचलकरंजीचे. चंडीगडला आमच्या संशोधन संस्थेत ते चौदा वर्षं एसीचे मेकॅनिक होते. बोलणं कमी, डोकं कायम थंड. मी तिथलीच संशोधक, नागपूरची, तोंडाळ. सेक्टर ३९ मधल्या त्यांच्या क्वार्टरवर रविवारी भाकरी खायला जायची, तेव्हा ते हमखास म्हणायचे, "शैलजाबाई, जरा दमानं घ्या."

नव्वदचा जून होता, पंजाबात दहशतवाद पेटलेला. गेटवर वाळूची पोती रचलेली, जेवणाचे डबेसुद्धा उघडून बघायचे. पगडी दिसली की नजर जरा जास्त वेळ रेंगाळायची. सगळ्यांची, आणि माझीही. खोटं कशाला बोलू?

एके सकाळी माझ्या रोपांच्या खोलीतला एसी सुरू होऊन दोन-तीन मिनिटांत बंद पडायला लागला. आत बाटल्यांमधून वाढवलेली गव्हाची रोपं, तीन वर्षांची मेहनत. पारा तीसच्या वर गेला आणि माझाही चढला. एसी चालू-बंद करणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळलं असणार, नवीन यायला दोन महिने, असं जो तो सांगू लागला.

रघुवीरराव आले, चष्मा पुसला, पॅनल उघडलं. कार्डावर मीटर लावून प्रत्येक ठिकाणचा व्होल्टेज बघितला. रिले टकटक वाजत होता. भिंगातून सोल्डरचा एकेक टाका तपासला, सगळं धडधाकट. मग ते तारा हातानं चाचपत निघाले आणि थांबले. कॉइलवर बर्फ साचला तर कार्डाला कळवणारी एक तार असते, ती खालच्या स्क्रूला जोडायची. ती सुटलेली होती. तार नसली की कार्डाला वाटतं बर्फ साचलाय, आणि ते मशीन बंद करतं. तारेच्या टोकाला काळी टेप नीट गुंडाळून ती मागे खोचलेली होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "हे कुणीतरी मुद्दाम केलंय!" आणि तेही हिंदीत, गडबड ऐकून आलेल्या सिक्युरिटी ऑफिसरसमोर. जिभेला हाड नाही म्हणतात ते असं.

ऑफिसरनं रजिस्टर काढलं. आदल्या दिवशी ब्लोअर साफ करायला पॅनल उघडलं होतं बलकार सिंगनं. सव्वीस वर्षांचा हा मेकॅनिक, दोन वर्षं रघुवीररावांच्या हाताखाली. त्याला बोलावलं. तो दाराशी उभा राहिला, कुणी त्याला काही विचारलं नाही. ऑफिसरनं पोलीस ठाण्याला फोन लावायला सांगितलं. त्या दिवसांत बलकारच्या वयाचा शीख मुलगा ठाण्यात गेला की परत येईलच असं नसायचं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

रघुवीरराव मात्र पॅनलमध्येच बघत होते. दोन स्क्रूंपाशी दोन पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या होत्या. त्यांनी हाक मारली, "बलकार, इधर आ. ये क्या लिखा है?"

"खाली, उस्तादजी."

"मतलब?"

"मतलब खाली रखना है. कुछ नहीं लगाना. सफाई में तार निकल आई थी. मैंने सोचा पहले से बेकार पड़ी होगी. शॉर्ट न हो, इसलिए टेप कर दी."

दुसऱ्या चिठ्ठीवर ‘वर’ लिहिलं होतं. हिंदीत तो नवरदेव! अक्षर रघुवीररावांचं, चौदा वर्षांपूर्वीचं. तेव्हा ते एकटेच होते, स्वतःसाठी म्हणून मराठीत लिहून ठेवलेलं.

ते ऑफिसरकडे वळले. फोन खाली ठेवायला सांगितलं. आमच्या भाषेत खाली म्हणजे नीचे, चूक माझी, असं शांतपणे सांगून तेच रजिस्टरमध्ये लिहिलं आणि सही केली. फोरमनच्या बढतीसाठी त्यांचं नाव त्याच महिन्यात वर गेलं होतं. ते परत आलं. मला त्याचं फार वाईट वाटलं, त्यांनी विषयसुद्धा काढला नाही.

तार बलकारनंच जोडली. मशीन सुरू झालं ते बंद पडलं नाही, माझी रोपं वाचली.

दुपारी त्याला गाठून मी माफी मागितली. रागाच्या भरात बोलले, रोपांची काळजी होती, असं बरंच काही सांगत सुटले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडमजी, मैं वहीं दरवाज़े पर खड़ा था," तो म्हणाला. "एक बार मुझसे पूछ लेते."