लाभच्या पुढचा आकडा

लाभचाचांच्या तोंडून 'एक' हा आकडा मी फक्त एकदा ऐकला. तो त्यांनी माझ्यासाठी उच्चारला, आणि खोटा उच्चारला. एरवी सबंध तालुक्यात त्यांना कुणी 'एक' म्हणताना ऐकलं नव्हतं.

नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडचं आमचं तालुक्याचं गाव. तिथल्या बाजारात ते मापाडी होते. आडत्याच्या ओट्यावर ज्वारीची रास पडली की चाचा एक गुडघा टेकून बसत, पायली भरत, वर आलेली शीग तळहाताने सपाट करत आणि पहिलं माप पोत्यात ओतताना मोठ्याने म्हणत, "लाभ." मग दोन, तीन, चार. पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणायचं ही रीत सगळ्याच मापाड्यांची. पण बाकीच्यांची ती ओट्यापुरती असे. चाचांची घरीदारी होती. हॉटेलात बसले की म्हणायचे, "लाभ चहा दे रे." मुलं किती असं कुणी विचारलं तर, "पोरगी हाय, लाभ. संगमनेरला दिलीय." बाजारातले टवाळ लोक बरोबर दुपारी एकच्या सुमाराला त्यांना वेळ विचारत. चाचा सावकाश कचेरीच्या घड्याळाकडे बघत आणि सांगत, "बारा वाजून गेलं." लोक हसत. चाचाही हसत, पण एक म्हणत नसत.

मी त्या वेळी चोवीस वर्षांचा, लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर. शाळेची मागची भिंत बाजाराला लागून होती. मी पहिलीच्या पोरांना अंक शिकवत असताना भिंतीपलीकडून चाचांचा आवाज यायचा आणि पोरं माझ्याऐवजी त्यांच्या तालावर अंक म्हणायची. मी एकदा त्यांना या लाभचं कारण विचारलं. ते म्हणाले, "धान्याला एकलं म्हनू न्हाई, मास्तर. पयलंच माप एकलं पडलं तर म्होरची त्याच्या सोबतीला कशाला येतील?" मुसलमान व्यापाऱ्याचा माल असला की ते लाभच्या जागी 'बरकत' म्हणत. अर्थ तोच, असं त्यांचं म्हणणं.

लढाईच्या दिवसांत सरकार शेतकऱ्यांकडून लेव्हीचं धान्य घेई. तेव्हाची एक गोष्ट बाजारात वर्षानुवर्षं सांगितली जायची. कचेरीचा शिपाई अडून बसला की सरकारचं माप शिगेसकट भरायचं. चाचांनी नेहमीसारखा तळहात फिरवला आणि म्हणाले, "सरकारचं पोट मोठं असंल, माजी पायली तेवढीच हाय." त्याच दिवशी शेजारच्या ओळखीच्या शेतकऱ्याने जरा हात आखडता घ्या म्हणून डोळ्याने खुणावलं, तर त्यालाही तेच उत्तर मिळालं. त्यामुळे कुठलाही वाद 'चाचांनी मोजलंय' एवढ्यावर मिटायचा. ही त्यांची मिळकत. दुसरी काही त्यांच्यापाशी नव्हती.

स्वातंत्र्य यायच्या आदल्या वर्षी प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली. मत सगळ्यांना नसे. सारा भरणाऱ्यांना, थोडंफार शिकलेल्यांना असे. आमच्या बाजूने एक वकीलसाहेब उभे होते, बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले. समोर एक ठेकेदार. मला सरकारी हुकमाने मोजणीच्या कामाला घेतलं होतं. मी वकीलसाहेबांच्या सभांना चोरून जात असे आणि हे गावात बऱ्याच जणांना माहीत होतं. मतपत्रिकांच्या पन्नास-पन्नासच्या गड्ड्या बांधायच्या आणि शेवटी गड्ड्या मोजायच्या, असं काम. गड्ड्या मोठ्याने मोजायला माणूस कोण, यावर दोन्ही पक्षांचं भांडण लागलं. शेवटी दोघांनीही एकच नाव दिलं, चाचांचं. मुसलमानांच्या मतांची पेटी त्या काळी वेगळी, उमेदवारही वेगळे. त्यामुळे चाचांचं मत या दोघांपैकी कुणालाच पडणार नव्हतं. मनातून ते वकीलसाहेबांचे होते. "तुरुंगातनं आल्यावर बी त्यो मानूस हलका झाला न्हाई," असं मला म्हणाले होते. पण मनातलं मापात येणार नाही याची ठेकेदारालाही खात्री होती.

चाचा मोजत होते, मी लिहीत होतो. दुपारी त्यांनी मोजणीवर देखरेख करणाऱ्या प्रांतसाहेबांची परवानगी घेतली आणि नमाजाला गेले. ठेकेदाराच्या मतांचा शेवटचा ढीग तेवढा राहिला होता. इतक्यात दारात दोन्हीकडच्या माणसांची हुज्जत सुरू झाली. साहेब उठून बाहेर गेले, त्यांच्यामागे प्रतिनिधीही गेले. खोलीत मी उरलो. वाटलं, एवढंसं काम आपणच उरकू. गड्ड्या उचलायला लागलो आणि हौसेने चाचांच्याच सुरात मोजलं. सोळा गड्ड्या झाल्या. तसं लिहून ठेवलं. साहेब आणि प्रतिनिधी परतले तेव्हा कागद पुरा झालेला होता; चाचाच मधे येऊन मोजून गेले असं सगळ्यांनी धरलं.

निकाल निघाला. वकीलसाहेब एकतीस मतांनी पुढे. ठेकेदाराने फेरमोजणी मागितली, पण फक्त बाद ठरवलेल्या मतपत्रिकांची. गड्ड्यांचं काय, असं साहेबांनी विचारलं तेव्हा तोच म्हणाला, "त्या चाचांनी मोजल्यात. त्या परत कशाला?" साहेबांनी तीनची वेळ दिली.

कचेरीच्या आवारातल्या लिंबाखाली आमची माणसं बसली. शेवगावकडून, पाथर्डीकडून गाड्या सोडून आलेले लोक होते. गुलालाचं पोतं तोंड बांधून ठेवलेलं, त्याच्यावर एक म्हातारा पाय पसरून बसलेला; कुणी उगाच उघडू नये म्हणून. हलगीवाले पाचटाचा जाळ करून हलग्या तापवायचे, टिपरू मारून बघायचे. त्या थंड पडायच्या की पुन्हा जाळ. एकजण म्हणाला, "आरं, किती भाजशीला? भाकर हाय का ती?" सगळे हसले आणि पुन्हा कचेरीच्या दाराकडे बघत बसले. बाद मतपत्रिका होत्याच किती, बारा-पंधरा. सीट आपली, हे सगळ्यांनी धरलं होतं.

चाचा आणि मी जरा बाजूला भाकरी खात होतो. मी फुशारकीने सांगितलं की तुम्ही नमाजाला गेलात तेव्हा शेवटचा ढीग मी मोजला, अगदी तुमच्यासारखा.

ते कौतुकाने म्हणाले, "लाभ म्हणला न्हवं?"

"म्हणजे काय. लाभ म्हणूनच सुरू केलं."

"अन् म्होरं?"

"पुढे एक, दोन, तीन."

चाचांनी हातातला घास खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मंग मास्तर, लाभ कुठं गेला?"

मला आधी कळलंच नाही. मी त्यांचा लाभ लहानपणापासून ऐकलेला, पण तो मला देवाचं नाव घेतल्यासारखा वाटे. त्यांनी कारण सांगितलेलं असूनही, रोज शाळेत एकपासून शिकवणारा मी गड्ड्या मोजताना सवयीने लाभनंतर एकपासूनच सुरू झालो होतो. पहिली गड्डी मी लाभ म्हणून बाजूला ठेवली आणि दुसरीला एक म्हणालो. गड्ड्या सतरा होत्या. पन्नास मतं ठेकेदाराची, आणि आम्ही पुढे होतो एकतीसने.

मी म्हणालो की गड्ड्या आता कुणी बघणार नाही. म्हणालो की आपलाच माणूस निवडून येतोय.

"आपला हाय म्हनून तर," चाचा म्हणाले. "उद्या त्यो तितं बसून कायदे करनार. त्येच्या बुडाला खोटं माप नगं. चला, सायबाला सांगू."

मी उठलो नाही. सभांना जाणारा मास्तर ठेकेदाराची पन्नास मतं चुकून विसरला, हे कोण मानणार होतं? नोकरी जाईल, खटला होईल, घरी आई आणि धाकट्या दोन बहिणी, असं काहीबाही मी बोललो. चाचांनी ते सगळं ऐकून घेतलं. भाकरी फडक्यात गुंडाळली, लोट्यातल्या पाण्याने हात धुतले आणि ते कचेरीच्या पायऱ्या चढले. मी मागोमाग गेलो, कारण माझी जागा टेबलापाशी होती.

साहेबांसमोर उभं राहून ते म्हणाले, "सायेब, माप चुकलं. शेवटच्या ढिगाला मी लाभ म्हणलो अन् म्होरच्या गड्डीला चुकलो. लाभ मोजायचा ऱ्हायला."

साहेब परगावचे. त्यांना काही उमगेना. त्यांनी पुन्हा विचारलं, दुसऱ्या गड्डीला नक्की काय म्हणालात?

"एक," चाचा म्हणाले.

खोलीत आमच्या बाजारातली चार-पाच माणसं होती. तीस वर्षं चाचांचं मोजणं ऐकलेली. त्यांच्यापैकी कुणीही मान वर केली नाही. साहेबांनी मला विचारलं, "मास्तर, तुम्ही लिहीत होता ना?"

मी म्हणालो, "हो. ऐकलं तसं लिहिलं."

माझं पाप एवढंच, चार शब्दांचं. चाचांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

गड्ड्या सतरा निघाल्या. वकीलसाहेब एकोणीस मतांनी पडले. ते बाहेर आले तेव्हा त्यांचे ओठ सुकले होते. चाचांसमोर थांबून त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "बरं केलंत." पण हे जवळच्या दोघातिघांनाच ऐकू गेलं. पलीकडे ठेकेदाराची हलगी वाजायला लागली होती. आमच्यातल्या कुणीतरी ओरडून म्हटलं, "शेवटी आपल्या पेटीतला न्हवताच त्यो." गुलालाच्या पोत्यावरचा म्हातारा तेवढा जागचा हलला नाही. तो रडत होता.

नंतर बाजारात काय झालं ते सांगायला नको. आमची माणसं चाचांना फितूर म्हणत. ठेकेदाराची माणसं म्हणत, चुकतो हे तर त्यानेच कबूल केलं. आडत्यांनी दुसरे मापाडी बोलावले. भिंतीपलीकडून मला आता वेगळाच आवाज यायचा. चाचा घराच्या ओट्यावर बसून खाटा विणू लागले.

पंधरवड्याने मी त्यांच्याकडे गेलो. मी सगळं सांगून टाकतो, असं म्हणालो. खरं सांगायचं तर त्यांनी नको म्हणावं, हे मनात धरूनच गेलो होतो. चाचा सुंभ ओढत म्हणाले, "तुमच्या म्होरं चाळीस पोरं बसत्यात. मास्तरलाच मोजता येत न्हाई म्हणल्यावर ती कुनाकडं बघतील? माजं माप म्हातारं झालंय. तुमचं आत्ता भरायला लागलंय." मग आत गेले आणि त्यांची अधोली घेऊन आले, पायलीच्या निम्मं, पितळी काठाचं माप. "ही शाळंत ठिवा. पोरास्नी दाखवा. लाभच्या म्होरं दोन असतंय."

ती अधोली घेऊन मी घरी आलो. कबूल करायला गेलेला माणूस बक्षीस घेऊन परतला. माझ्या वर्गात आजही पोरं चिंचोके त्या मापाने मोजतात आणि लाभ, दोन, तीन म्हणतात. नवे शिक्षक हसतात. मी कारण सांगत नाही.

चाचा परवाच्या उन्हाळ्यात गेले. कबरस्तानात बरेच लोक आले होते. माझ्या शेजारी माणिकशेठ आडते काठी टेकून उभे होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझ्या ओट्यावर तीस वर्षं त्याने माप घातलं. एक म्हणालेला मी कधी ऐकला नाही. मास्तर, तुम्ही होता ना त्या दिवशी तिथं?"

"होतो," मी म्हणालो.

माझी माती द्यायची पाळी आली. तिथे प्रत्येकाने तीन मुठी माती द्यायची असते. मी वाकलो, पहिली मूठ भरली आणि मोठ्याने म्हणालो, "लाभ." दुसरी मूठ हातात तशीच राहिली; दुसऱ्यालाच मी त्या दिवशी 'एक' म्हणालो होतो. सगळे थांबले होते. मग माझ्या हातून माती सुटली आणि मी म्हणालो, "दोन." माणिकशेठनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, आणि तिसरी मूठ मी कधी टाकली ते मला आठवत नाही.