झिऱ्याचं पान

१५ जून, रविवार. दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार आणि पोषण आहाराचा तांदूळ ठेवायला जागा नाही, म्हणून पहिलीच्या वर्गातलं लोखंडी कपाट रिकामं करायला गेले. वरच्या कप्प्यात वाळवीने खाल्लेले तक्ते होते. खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, काळे गुरुजींचं पुस्तक. गुरुजी या उन्हाळ्यातच वारले. तक्ते बाहेर फेकले. पुस्तक घेऊन मात्र बाकावर बसले.

आमची शाळा दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मी बदली होऊन आले त्या दिवशी गुरुजी पुस्तक छातीशी मिटून धरून उभे होते आणि पोरं ओरडत होती, "दाखवा की गुरुजी!" ते दाखवत नव्हते. "आधी वस्तू, मग चित्र," हा त्यांचा नियम. खेकड्याचं पान असेल तर आधी नदीवर जाऊन खेकडा बघायचा, बोट चावून घ्यायचं, मग वर्गात येऊन पान उघडायचं. पोरं चित्रावर तुटून पडायची. "गुरुजी, ह्याचा एक पाय कमी हाय!" गुरुजी खूश व्हायचे. "घावला का चोर? बस खाली."

पुस्तक त्यांनी स्वतः केलेलं. जाड पुठ्ठ्याची पानं, प्रत्येक पानावर नदीतली एक वस्तू, खाली मोठ्या अक्षरात एक ओळ. कासव, शिंपला, लव्हाळा, वाळूतली टरबुजाची वाडी. आणि झिरा. उन्हाळ्यात कोरड्या नदीच्या वाळूत हाताने खड्डा करायचा आणि जरा थांबायचं, की खालून निवळ पाणी झिरपून वर येतं, तो झिरा. चित्रात एक बाई नारळाच्या नरोटीने ते पाणी घागरीत भरत होती. तिच्या बांगड्यासुद्धा मोजून काढलेल्या.

मग नदीतली वाळू जायला लागली. गोदाकाठी हे काही नवीन नाही, गावात घराघरात कोणी ना कोणी वाळूच्या टिप्परवर आहे. वाळूबरोबर आधी कासव गेलं, मग टरबुजाच्या वाड्या. ज्या वर्षी एखादी वस्तू दाखवता आली नाही, त्या वर्षी गुरुजी दाभण आणि सुतळी घेऊन ते पान शिवून टाकायचे. "वस्तू घावली की उसवू," म्हणायचे. उसवायची वेळ कधी आली नाही.

मला हा हट्ट पटत नसे. "गुरुजी, वाघ कुठे दाखवतो आपण? चित्रच दाखवतो ना?"

"वाघ माझ्या पुस्तकात न्हाई, बाई."

"मग नदीचं चित्र दाखवा आणि मोकळे व्हा. शब्द तरी राहील पोरांकडे."

"वस्तू गेल्यावर दाखवलेलं चित्र म्हंजी भिंतीवरचा फोटो. हार घालायचा, अगरबत्ती लावायची. पहिलीतल्या लेकराला कशाला मयतीला बसवू?"

मी हजेरी घ्यायला निघून गेले.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी झिऱ्याचं पान तेवढं न शिवलेलं राहिलं होतं. आपण निवृत्त होईपर्यंत ते शिवायचं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मार्चमध्ये त्यांनी पहिलीला सांगितलं, "उद्या झिरा बघायचा."

दुसऱ्या दिवशी पूजा नावाची मुलगी कागदाची पुडी घेऊन आली. "गुरुजी, आईनं दिला जिरा." पुडीत जिरं होतं. तिच्यामागे सगळा वर्ग मुठीत जिरं घेऊन उभा. आमच्याकडे 'झ' जिभेवर टिकत नाही, आणि घरात आता जिरा एकच, फोडणीतला. मी मोठ्याने हसले. गुरुजीही हसले. "नदीला फोडणी देता का रे?" मग त्यांनी पूजाला विचारलं, "आईला झिरा माहीत न्हाई?"

"माहीत हाय की. डाळीत टाकती."

त्यानंतर ते हसले नाहीत. पोरं घेऊन नदीकडे निघाले. टिप्परच्या रस्त्यावर पोरं सांभाळायला कोणीतरी हवं, म्हणून मीही गेले. नदीत चिकणमाती, उघडा खडक आणि चाकांच्या चाकोऱ्या. गुरुजी धोतर सावरून बसले आणि उकरू लागले. पूजाच्या बापाने टिप्पर थांबवला.

"गुरुजी, काय हरवलं?"

"झिरा."

"जिरा? मग दुकानात जा की!" मग त्याला खड्डा दिसला. "आरं हां, झिरा व्हय! लहानपणी लई पेलोय. पर वाळूच न्हाई तर पाणी कुठून झिरपंल? पोरांना चित्र दाखवा, गुरुजी. नदीचं आमी बघून घेतो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. टिप्पर सुरू करून तो गेला.

गुरुजींचा हात कोपरापर्यंत खड्ड्यात गेला, तेव्हा तळाशी थोडं काळं पाणी जमलं. वास मारत होतं. पूजाने वाकून विचारलं, "हाच का झिरा, गुरुजी?"

हो म्हटलं असतं तर पान उघडता आलं असतं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे हो म्हणा.

"न्हाई," गुरुजी म्हणाले. "झिरा असा नसतो, बाळा."

शाळेत येऊन त्यांनी हात धुतले आणि पोरांसमोर ते पान शिवलं. चित्र कोणालाच दिसलं नाही. पूजा रडली. गुरुजींनी तिला जवळ घेतलं नाही, दाभण टोचू नये म्हणून लांब बसायला सांगितलं.

निवृत्तीनंतर ते गेवराईला मुलाकडे राहिले. एकदा बसस्थानकावर भेटले. "नदी कशी हाय, बाई?"

"आहे तशीच."

"म्हंजी न्हाई," म्हणाले आणि बसमध्ये चढले. तीच शेवटची भेट.

रविवारी कात्री हाताशीच होती. सुतळी कापायला वेळ लागला नसता. पण कापून दाखवायचं कोणाला? पुस्तक पुन्हा पिशवीत घालून वरच्या कप्प्यात ठेवलं. संध्याकाळी तांदूळ आला, तो खाली लावून घेतला.

गुरुजींच्या जागी कोणी आलं नव्हतं, पहिलीही आता माझ्याकडेच. सोमवारी सकाळी पहिलीच्या नव्या मुलांना ओवाळलं, फुगे दिले आणि सरकारकडून आलेलं रंगीत चित्रांचं पुस्तक काढलं. नदीकडून टिप्परांची धूळ येत होती, म्हणून आधी त्या बाजूची खिडकी लावून घेतली. मग पुस्तक सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं आणि म्हटलं, "ही नदी."