पहाडाची पकड

चौदा मार्चला गेमच्या दुकानाचं शटर कायमचं खाली आलं आणि मालकाने कोपऱ्यातलं मारामारीच्या खेळाचं जुनं यंत्र चार हजार दोनशे पन्नास रुपयांना वेल्डरला विकलं. पन्नाशी उलटली तरी पोरखेळ सुटेना, म्हणून लोक हसले. पण यंत्र वेल्डरच्या घरी गेलंच नाही. तो ते थेट शिंप्याकडे घेऊन निघाला.

वेल्डर दारात न मावणारा, तर शिंपी फुंकर मारली तर उडेल असा. खेळात मात्र सगळं उलट. मारामारीच्या त्या खेळाचा पहिला भाग आला तेव्हाच शिंप्याने अजस्र कुस्तीगीर निवडला. त्याला दोघं पहाड म्हणत. वेल्डरने चपळ पोरगी धरली, ती वावटळ. खेळाच्या गोष्टीत पहाड आणि वावटळ एका भागात एकमेकांचा जीव वाचवत, पुढच्या भागात एकमेकांच्या उरावर बसत. नवे भाग येत गेले, जोड्या बदलल्या नाहीत. बाहेरही तसंच. शिव्या देत खेळायचे आणि गळ्यात गळे घालून घरी जायचे.

दुकान बंद होण्याआधीच्या हिवाळ्यात शिंप्याच्या हातांतली ताकद जायला लागली. सुईत दोरा जाईना. हे दुखणं उतरणारं नाही, हळूहळू छातीपर्यंत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या संध्याकाळी वेल्डर मुद्दाम हरला आणि तिथेच घात झाला. पहाडाची पकड जबर, पण संथ. तो हात उगारतो तोवर वावटळ दोनदा निसटते. जिला सापडायचंच आहे, तीच सापडते.

शिंप्याने मान वळवली. "भीक घालतोस?"

"चुकलो रे."

"इतक्या वर्षांत नाही चुकलास, आजच बरा चुकलास? मी अजून मेलो नाही, जाड्या."

तेव्हापासून अबोला.

आता यंत्र घेऊन तो पोचला, तेव्हा दार शिंप्याच्या बायकोने, वहिनींनी उघडलं. "भाऊजी, तुमचं नाव काढलं तरी ते ताटावरून उठतात."

"यंत्र आणलंय," वेल्डर त्यांच्या खांद्यावरून ओरडला. "तुला झोडायला आलोय."

आतून खोल गेलेला आवाज आला, "वीज आमची जळणार. तेव्हा नीट झोड."

पाठीला उशा लावून त्याला बसवलं. वेल्डरने हात राखला नाही. शिंप्याची बोटं बटणांवरून घसरत होती, वावटळ पहाडाला लोळवत होती.

"आजारी माणूस आहे तो!" वहिनी कडाडल्या. "काळीज आहे की लोखंड?"

"तू मध्ये पडू नकोस," शिंपी धापा टाकत म्हणाला. "आज हा खरा खेळतोय. लाव रे पुन्हा."

वेल्डरला पडदा धड दिसत नव्हता. तरी त्याने पुन्हा हरवलं.

एप्रिलमध्ये शिंपी गेला. "ते धूड घेऊन जा," एवढंच वहिनी म्हणाल्या. त्यानंतर त्या वेल्डरशी बोललेल्या नाहीत. यंत्र परत न्यायला त्याने टेम्पो केला. टेम्पोवाल्याचे चाळीस रुपये अजून द्यायचे आहेत.